अशी ही बनवाबनवी : समीक्षा आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद

अशी ही बनवाबनवी हा २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झालेला मराठी विनोदी चित्रपट आहे. त्याचे दिग्दर्शन सचिन पिळगांवकर यांनी केले असून पटकथा-संवाद वसंत सबनीस यांचे, तर संगीत अरुण पौडवाल यांचे आहे. व्ही. शांताराम यांचे पुत्र किरण शांताराम यांनी चित्रपटाची निर्मिती केली. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन पिळगांवकर आणि सिद्धार्थ रे यांनी चार मध्यवर्ती भूमिका केल्या. अश्विनी भावे, सुप्रिया पिळगांवकर, निवेदिता जोशी, प्रिया अरुण, सुधीर जोशी, नयनतारा आणि विजू खोटे हे इतर प्रमुख कलाकार आहेत. भाड्याने घर मिळावे म्हणून चार तरुणांनी रचलेली फसवणूक आणि ती टिकवताना उडणारी तारांबळ हा चित्रपटाचा विषय आहे.

प्रदर्शनाच्या वेळी हा चित्रपट व्यावसायिकदृष्ट्या मोठ्या प्रमाणावर यशस्वी ठरला. मात्र त्या काळच्या विनोदी चित्रपटांच्या लाटेतील आणखी एक यशस्वी चित्रपट, याच दृष्टीने त्याच्याकडे पाहिले गेले. पुढील तीन दशकांत दूरचित्रवाणी, चित्रफिती आणि समाजमाध्यमे यांच्याद्वारे तो नव्या पिढ्यांपर्यंत पोहोचला आणि त्यातील संवाद दैनंदिन बोलण्याचा भाग झाले. त्याच काळात चित्रपटाच्या मूल्यमापनाची दिशाही बदलली. प्रहसन म्हणून बाजूला ठेवलेल्या या कृतीचा विचार भाषा, अभिनय, शहरी घरटंचाई आणि स्त्रीवेषाची परंपरा यांच्या संदर्भात होऊ लागला.

पार्श्वभूमी

चित्रपटाच्या कथेचे मूळ बंगालीत आहे. शैलेश डे यांच्या कथानकावर आधारित जय माँ काली बोर्डिंग हा बंगाली चित्रपट १९५५ साली आला. त्याच कल्पनेवर हृषीकेश मुखर्जी यांनी १९६६ साली बीवी और मकान हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात बिस्वजीत आणि मेहमूद यांच्या भूमिका होत्या. या हिंदी चित्रपटाला पुढे मराठी रूपांतराइतकी लोकप्रियता लाभली नाही. अशी ही बनवाबनवी हे त्याचे रूपांतर असले, तरी पात्रांची घडण, पुण्याचे वातावरण आणि संवाद यांमुळे ते स्वतंत्र मराठी कृती म्हणूनच ओळखले जाते.

१९८० चे दशक मराठी चित्रपटसृष्टीत विनोदी चित्रपटांचे दशक मानले जाते. दादा कोंडके यांच्या ग्रामीण विनोदानंतर शहरी मध्यमवर्गीय विनोदाचा नवा प्रवाह या काळात स्थिर झाला. सचिन पिळगांवकर यांचा नवरी मिळे नवऱ्याला (१९८४), महेश कोठारे यांचा धूमधडाका (१९८५) आणि सचिन यांचाच गंमत जंमत (१९८७) हे या प्रवाहातील महत्त्वाचे चित्रपट होत. यांपैकी गंमत जंमतमध्ये पैशांच्या अडचणीत सापडलेले दोन तरुण एका श्रीमंत तरुणीचे अपहरण करतात. गुन्ह्याची चौकट घेऊन तिच्यातून निरागस विनोद निर्माण करण्याची ही पद्धत अशी ही बनवाबनवीमध्ये अधिक सफाईने वापरली गेली. येथे गुन्हा अपहरणाचा नाही, तोतयेगिरीचा आहे. खोटी ओळख धारण करून फसवणूक करणे हा त्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४१९ नुसार दंडनीय अपराध होता. चित्रपट मात्र या अपराधाकडे गरजूंच्या लबाडीच्या दृष्टीने पाहतो.

पटकथाकार वसंत सबनीस हे विच्छा माझी पुरी करा या गाजलेल्या वगनाट्याचे लेखक होते. हजरजबाबी प्रश्नोत्तरे, शब्दच्छल आणि सत्ताधाऱ्याची हसत हसत टर उडवणे ही वगनाट्याची वैशिष्ट्ये त्यांनी शहरी कथानकात आणली. अभिनेत्यांपैकी अशोक सराफ पांडू हवालदार (१९७५) या चित्रपटापासून प्रेक्षकांना परिचित होते, तर लक्ष्मीकांत बेर्डे टूर टूर या नाटकातून आणि नंतर धूमधडाकामधून लोकप्रिय झाले होते. सिद्धार्थ रे हे व्ही. शांताराम यांचे नातू होते.

कथानक

धनंजय माने (अशोक सराफ) हा पुण्यात सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नोकरी करतो आणि विश्वासराव सरपोतदार (सुधीर जोशी) यांच्या घरी भाड्याने राहतो. त्याचा धाकटा भाऊ शंतनू (सिद्धार्थ रे) वैद्यकीय शिक्षणासाठी त्याच्याकडे येतो. गायक होण्याची इच्छा बाळगणारा सुधीर (सचिन पिळगांवकर) आणि नाटकाच्या वातावरणात वावरलेला परशुराम (लक्ष्मीकांत बेर्डे) हेही त्याच्या आश्रयाला येतात. सरपोतदारांची जागा सोडण्याची वेळ आल्यावर चौघे नव्या घराचा शोध घेतात. लीलाबाई काळभोर (नयनतारा) यांच्या मोठ्या घरात जागा असते; परंतु ती केवळ विवाहित जोडप्यांनाच मिळणार असते. त्यामुळे परशुराम हा धनंजयची पत्नी पार्वती बनतो आणि सुधीर हा शंतनूची पत्नी सुधा बनतो.

घर मिळाल्यावर खरी अडचण सुरू होते. चौघांच्या आयुष्यात चार तरुणी येतात. धनंजयच्या दुकानाची सूत्रे हाती असलेली माधुरी (अश्विनी भावे), मनीषा (सुप्रिया पिळगांवकर), सुषमा (निवेदिता जोशी) आणि कमळी (प्रिया अरुण) यांच्याशी जुळलेले संबंध आणि घरातले सोंग यांचा मेळ घालताना प्रत्येक खोट्यासाठी आणखी एक खोटे बोलावे लागते. पार्वती गर्भवती असल्याची बतावणी करावी लागते आणि तिचे डोहाळजेवणही थाटात साजरे होते. लीलाबाईंच्या मालमत्तेवर डोळा ठेवणारा बळी (विजू खोटे) हा कथेतील खरा दुर्जन असून अखेरीस सत्य उघड झाल्यावर लीलाबाई चौघांना क्षमा करतात.

चित्रपटगृहांतील प्रतिसाद

चित्रपटाला प्रदर्शनानंतर मोठी गर्दी लाभली. त्याने सुमारे तीन कोटी रुपयांची कमाई केल्याचा आकडा चित्रपटविषयक लेखनात वारंवार दिला जातो. त्या काळी तिकिटाचे दर काही रुपयांतच असत. हे लक्षात घेतले, तर या आकड्यामागील प्रेक्षकसंख्येचा अंदाज येतो.

या प्रतिसादाचे एक वैशिष्ट्य म्हणजे प्रेक्षकवर्गाची व्याप्ती. विनोदात अश्लील कोटी नसल्यामुळे तीन पिढ्यांनी एकत्र पाहावा असा चित्रपट म्हणून त्याची ओळख झाली. द्व्यर्थी संवादांमुळे मराठी विनोदी चित्रपटाकडे पाठ फिरवलेला कुटुंबवत्सल प्रेक्षक १९८० च्या दशकात चित्रपटगृहाकडे परतत होता. या चित्रपटाने त्या प्रक्रियेला बळ दिले. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे पुनःपुन्हा पाहण्याची सवय. पुढे काय घडणार हे ठाऊक असूनही प्रसंगाची वाट पाहणे आणि पात्राच्या आधी संवाद म्हणणे, ही एरवी नाटकाच्या प्रेक्षकात दिसणारी वृत्ती या चित्रपटाच्या बाबतीत ठळकपणे दिसून आली.

डोहाळजेवणाच्या प्रसंगावरील गाण्याला चित्रपटाबाहेरही स्वतंत्र आयुष्य लाभले. चित्रपटात ते एका बनावट गर्भवतीसाठी गायले जाते, म्हणजेच गाण्याची संपूर्ण रचना उपरोधिक आहे. प्रत्यक्षात मात्र महाराष्ट्रातील डोहाळजेवणाच्या समारंभांत ते उपरोधाविना, मनापासून वाजवले जाते. विडंबनाचे रूपांतर विधिगीतात होण्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

विनोदी लाटेवरील आक्षेप

१९८० च्या दशकातील विनोदी चित्रपटांविषयी मराठी समीक्षेत सुरुवातीपासून साशंकता होती. याच्या आधीच्या दशकात सामना आणि सिंहासन (१९७९), तर दशकाच्या आरंभी उंबरठा (१९८२) यांसारख्या चित्रपटांनी राजकारण आणि स्त्रीजीवन यांसारखे गंभीर विषय हाताळले होते. त्यानंतर एकामागून एक विनोदी चित्रपट येऊ लागल्याने मराठी चित्रपट आशयाच्या दृष्टीने उथळ होत आहे, ठरावीक नटसंच आणि ठरावीक गोंधळ यांत तो अडकत आहे, असा आक्षेप घेतला गेला. हिंदी व अन्य भाषांतील चित्रपटांवरून कथा घेण्याची प्रवृत्ती हा या टीकेचा दुसरा मुद्दा होता. धूमधडाका हा तमिळ काधलिक्क नेरमिल्लै (१९६४) आणि हिंदी प्यार किये जा (१९६६) यांच्या कथेवर बेतलेला होता, तर अशी ही बनवाबनवीचा आधार बीवी और मकान हा होता.

या आक्षेपात तथ्य होते. यशस्वी साच्याची पुनरावृत्ती होत गेली आणि १९९० च्या दशकात मराठी चित्रपटाला प्रेक्षक टिकवणे कठीण झाले. माहेरची साडी (१९९१) या कौटुंबिक शोकप्रधान चित्रपटाच्या अफाट यशाने प्रेक्षकांची रुचीही वेगळ्या दिशेला वळली. मात्र संपूर्ण लाटेला लावलेला निकष त्यातील प्रत्येक चित्रपटाला सारखाच लागू पडतो का, हा प्रश्न अशी ही बनवाबनवीच्या संदर्भात पुढे उपस्थित झाला. लाट ओसरल्यानंतरही हा चित्रपट टिकून राहिला. त्यामुळे त्याच्या यशाचे कारण केवळ तत्कालीन लाटेत शोधणे अपुरे ठरले.

अभिनयाचे मूल्यमापन

चित्रपटाच्या प्रशंसेचा मोठा भाग अभिनेत्यांच्या परस्परपूरकतेविषयी आहे. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदाच्या पद्धती भिन्न होत्या. सराफ यांचा विनोद प्रतिक्रियेतून, थांब्यांतून आणि चेहऱ्यावरील संयमातून निर्माण होतो. बेर्डे यांचा विनोद शरीराच्या चपळ हालचालींतून आणि उत्स्फूर्ततेतून. धनंजय आणि पार्वती या जोडप्यात या दोन पद्धती समोरासमोर येतात. पार्वती गोंधळ वाढवते आणि धनंजय तो झाकू पाहतो, अशी ही रचना आहे.

सचिन यांनी सुधा हे पात्र पार्वतीपेक्षा वेगळ्या वळणाने उभे केले. पार्वतीच्या वेषामागील पुरुष प्रेक्षकाला सतत जाणवत राहतो, तर सुधा नाजूक आणि सराईत वाटते. एकाच चित्रपटात स्त्रीवेषाच्या या दोन तऱ्हा असल्यामुळे विनोद एकसुरी होत नाही. सुधीर जोशी यांनी साकारलेले कंजूष आणि चौकस घरमालक सरपोतदार हे पात्र कथेच्या पूर्वार्धापुरतेच असूनही चित्रपटातील सर्वाधिक स्मरणात राहिलेल्या भूमिकांपैकी एक मानले जाते. नयनतारा यांच्या लीलाबाईंमुळे उत्तरार्धाला भावनिक आधार मिळतो. त्या मूर्ख नाहीत, त्यांचा विश्वास खरा आहे. त्यामुळे चौघांच्या लबाडीला अपराधभावाची किनार लाभते आणि अखेरच्या क्षमेला अर्थ प्राप्त होतो.

स्त्रीवेषाची परंपरा

पुरुषाने स्त्रीचे सोंग घेणे हे मराठी प्रेक्षकाला नवे नव्हते. संगीत नाटकांच्या काळात स्त्रीभूमिका पुरुष नटच करीत आणि बालगंधर्वांनी त्या परंपरेला सौंदर्याचा आदर्श मिळवून दिला. बालगंधर्वांचा जन्म १८८८ सालचा असल्याने हा चित्रपट त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षातच प्रदर्शित झाला, हा एक योगायोग आहे. तमाशातील नाच्या आणि दशावतारातील स्त्रीपार्टी यांमधून ही परंपरा लोकरंगभूमीवरही रुजलेली होती.

विनोदी स्त्रीवेषाचे जवळचे उदाहरण म्हणजे आचार्य अत्रे यांचे मोरूची मावशी हे नाटक. चार्लीज आंट या इंग्रजी प्रहसनावर आधारलेल्या या नाटकाचे १९८० च्या दशकात सुयोग या नाट्यसंस्थेने पुनरुज्जीवन केले आणि विजय चव्हाण यांनी साकारलेली मावशी अतोनात लोकप्रिय झाली. अशी ही बनवाबनवी प्रदर्शित झाला तेव्हा मराठी प्रेक्षकाची या प्रकारच्या विनोदाशी नुकतीच नव्याने ओळख झालेली होती.

जागतिक चित्रपटात बिली वाइल्डर यांच्या सम लाइक इट हॉट (१९५९) या चित्रपटाशी त्याची तुलना होऊ शकते. त्यात खुनाचे साक्षीदार ठरलेले दोन वादक गुंडांपासून बचावासाठी स्त्रियांच्या वाद्यवृंदात शिरतात. हिंदीत याच कल्पनेवर रफू चक्कर (१९७५) हा चित्रपट आला होता. या चित्रपटांत सोंगामागे जिवाची भीती आहे. मराठी चित्रपटात त्याची जागा बेघर होण्याच्या भीतीने घेतली आहे.

घरटंचाई आणि भाडेकरू

चित्रपटाच्या नव्याने झालेल्या वाचनात घरटंचाईचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. पुणे हे शिक्षण आणि नोकरी यांसाठी राज्यभरातील तरुणांना आकर्षित करणारे शहर होते. मराठवाडा, विदर्भ आणि दक्षिण महाराष्ट्रातून येणाऱ्या तरुणांपुढे पहिला प्रश्न राहण्याच्या जागेचा असे. अविवाहित पुरुषांना घर देण्यास घरमालक नाखूश असत.

या नाखुशीमागे सामाजिक संकोचाइतकेच कायदेशीर कारणही होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाड्यावर मर्यादा घातली होती आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे अवघड केले होते. त्यामुळे जुन्या घरांचे भाडे वर्षानुवर्षे गोठलेले राही आणि नवी जागा भाड्याने देताना मालक कमालीची सावधगिरी बाळगत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाल्यावर ही व्यवस्था बदलली. भाडेकरूंच्या वर्तनावर बारीक लक्ष ठेवणारे सरपोतदार आणि केवळ जोडप्यांनाच जागा देणाऱ्या लीलाबाई ही दोन्ही पात्रे या परिस्थितीतून आलेली आहेत.

चित्रपट हा प्रश्न भाषणातून मांडत नाही. चौघांपैकी कोणीही व्यवस्थेला दोष देत बसत नाही. ते सरळ साडी नेसतात. प्रेक्षकाची सहानुभूती फसवणाऱ्यांच्या बाजूने राहते याचे कारणही येथेच आहे. ज्यांनी स्वतः पाहुण्यासारखे राहून दिवस काढले किंवा मालकाच्या नकळत मित्राला खोलीवर झोपायला घेतले, अशा असंख्य प्रेक्षकांना हा अपराध ओळखीचा वाटला. अविवाहितांना घर नाकारण्याची प्रथा आजही अनेक गृहनिर्माण संस्थांत आढळते. त्यामुळे १९८८ मधील ही अडचण नव्या प्रेक्षकालाही समजावून सांगावी लागत नाही.

संवाद आणि मराठी व्याकरण

चित्रपटाच्या दीर्घकालीन लोकप्रियतेचे सर्वांत ठळक चिन्ह म्हणजे त्यातील संवाद. यांतील बहुतेक वाक्ये सुट्या रूपात विनोदी नाहीत. दारात उभे राहून धनंजय माने येथेच राहतात का, अशी केलेली चौकशी हे रोजच्या व्यवहारातील अगदी साधे वाक्य आहे. ते उच्चारण्याची वेळ, सूर आणि त्यामागील धोका यांमुळे ते विनोदी होते.

अन्य काही संवादांचा विनोद थेट मराठीच्या व्याकरणावर आधारलेला आहे. मराठीत नामाला लिंग असते आणि त्यानुसार सर्वनाम, विशेषण व क्रियापद बदलते. प्रथमपुरुषी क्रियापदही बोलणाऱ्याच्या लिंगानुसार वेगळे होते : पुरुष ‘मी जातो’ म्हणतो, तर स्त्री ‘मी जाते’ म्हणते. त्यामुळे स्त्रीचे सोंग घेतलेल्या पुरुषाला साडी आणि केशभूषा सांभाळून भागत नाही; प्रत्येक वाक्यात क्रियापदही सांभाळावे लागते. सोबतच्या माणसालाही तीच कसरत करावी लागते. पत्नीची ओळख करून देताना धनंजयच्या तोंडून निसटणारे पुल्लिंगी रूप हा चित्रपटातील सर्वाधिक प्रसिद्ध क्षण याच कारणाने हशा मिळवतो. एका अक्षराने सोंग उघडे पडू शकते, ही भीती त्या वाक्यात सामावलेली आहे.

या संदर्भात मूळ बंगाली कृतीशी तुलना उद्बोधक ठरते. बंगाली भाषेत सर्वनामे आणि क्रियापदे लिंगानुसार बदलत नाहीत. त्यामुळे अशा प्रकारच्या चुकीला त्या भाषेत जागाच नाही. कथा उसनी असली, तरी विनोदाचा हा स्तर रूपांतराने स्वतःच्या भाषेतून मिळवला आहे. रूपांतरित कथेविषयीच्या आक्षेपाला हे महत्त्वाचे उत्तर आहे.

दुसरे उदाहरण सत्तर रुपयांच्या प्रसंगाचे आहे. मराठीत मरणे, वारणे, निवर्तणे अशा क्रियापदांतून मृताविषयीचा आदर व्यक्त होतो आणि ‘वारणे’ हे क्रियापद माणसांसाठी, तेही सन्मानपूर्वक वापरले जाते. औषधासाठी घेतलेले पैसे परत मिळणार नाहीत हे सांगण्यासाठी हे क्रियापद रुपयांना लावले जाते, तेव्हा शोकवार्तेची भाषा आणि बुडालेले पैसे एकत्र येतात. आज उसने दिलेले पैसे परत येण्याची आशा सोडली की मराठी माणूस हाच प्रयोग करतो. त्यासाठी त्याने चित्रपट पाहिलेला असणेही आता आवश्यक राहिलेले नाही.

या संवादांचा प्रभाव इतर कलाकृतींवरही पडला. धनंजय माने येथेच राहतात या आशयाच्या शीर्षकाचे मराठी नाटक पुढे रंगभूमीवर आले आणि त्यात मूळ चित्रपटात कमळीची भूमिका करणाऱ्या प्रिया बेर्डे (पूर्वाश्रमीच्या प्रिया अरुण) यांनी काम केले.

दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमे

चित्रपटगृहांनंतर दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणे आणि घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या चित्रफिती यांमुळे चित्रपटाचा प्रेक्षक वाढत गेला. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि त्यानंतर ई टीव्ही मराठी या खाजगी वाहिन्या सुरू झाल्या. २००७ मध्ये केवळ मराठी चित्रपटांना वाहिलेली झी टॉकीज ही वाहिनी आली. या वाहिन्यांवरील वारंवार प्रक्षेपणामुळे १९८८ नंतर जन्मलेल्या पिढीलाही चित्रपट तोंडपाठ झाला.

समाजमाध्यमांच्या काळात चित्रपटातील दृश्यचौकटी मीम या प्रकारासाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाऊ लागल्या. निवडणुकीतील जागावाटप, परीक्षेचे निकाल, पगाराची प्रतीक्षा, पाणीटंचाई अशा कोणत्याही विषयावरील टिप्पणीसाठी धनंजय, पार्वती किंवा सरपोतदार यांची मुद्रा पुरेशी ठरते. या वापरामुळे चित्रपटाचे तुकडे झाले, अशी तक्रार करता येते. कारण अनेक तरुणांना संवाद ठाऊक असतात, पण त्यांचा कथेतील संदर्भ ठाऊक नसतो. दुसरीकडे, परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांपर्यंत भाषेतील लिंगभेद आणि आदरार्थी प्रयोग पोहोचवण्याचे काम या तुकड्यांनी नकळत केले आहे.

पुनर्मूल्यांकन आणि आक्षेप

चित्रपटाच्या लोकप्रियतेसोबत त्याच्याविषयीचे प्रश्नही पुढे आले. पहिला प्रश्न स्त्रीपात्रांविषयीचा आहे. चारही नायिकांच्या वाट्याला विनोदाचा फारसा भाग येत नाही. त्या बहुतांशी फसवल्या जाणाऱ्या व्यक्ती आहेत. चित्रपटातील सर्वांत लक्षवेधी ‘स्त्रिया’ पुरुष नटांनी साकारल्या आहेत, ही विसंगतीही नोंदवण्याजोगी आहे. दुसरा प्रश्न विश्वासाचा आहे. स्त्री समजून दिलेली जवळीक आणि केलेल्या मनमोकळ्या गोष्टी यांचा वेषांतर केलेल्या पुरुषांना लाभ होतो. १९८८ मध्ये हा निव्वळ हास्याचा विषय होता. आजच्या प्रेक्षकाला त्यात संमतीचा प्रश्न दिसू शकतो. तिसरा प्रश्न स्त्रीवेषातील पुरुषाला हसण्याचा आहे. अशा हास्यामुळे लिंगभावाच्या रूढ चौकटीबाहेर जगणाऱ्या व्यक्तींची थट्टा सर्वमान्य होते, असा आक्षेप या संपूर्ण विनोदप्रकारावर घेतला जातो.

या आक्षेपांसमोर काही बाजू मांडता येतात. चित्रपटातील हास्य मुख्यतः स्त्रीत्वाला उद्देशून नसून पुरुषांच्या भेदरलेपणाला उद्देशून आहे. साडी नेसून चालणे, चारचौघींत वावरणे, सतत कोणाच्या तरी नजरेखाली असणे या गोष्टी पुरुषांना जड जातात आणि त्यांची फजिती होते. घराची मालकी, निर्णयाचा अधिकार आणि क्षमा करण्याचा अधिकार लीलाबाई या एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रीकडे आहे, तर धनंजयच्या नोकरीच्या ठिकाणी अधिकार माधुरीकडे आहे. त्या काळच्या विनोदी चित्रपटांत ही मांडणी विरळ होती. या दोन्ही बाजू लक्षात घेतल्यास चित्रपट निर्दोष ठरत नाही. मात्र तो केवळ कालबाह्यही ठरत नाही.

अन्य भाषांतील रूपांतरे

चित्रपटाच्या यशानंतर हेच कथानक इतर भाषांत नव्याने गेले. तेलुगूमध्ये चित्रम भलारे विचित्रम (१९९१), तमिळमध्ये आणळगन (१९९५), कन्नडमध्ये ओळु सार बरी ओळु (२००३) आणि पंजाबीमध्ये मिस्टर अँड मिसेस ४२० (२०१४) हे चित्रपट याच कल्पनेवर आले. पारितोष पेंटर दिग्दर्शित पेइंग गेस्ट्स (२००९) या हिंदी चित्रपटाचीही अशी ही बनवाबनवीशी तुलना झाली. बंगालीतून हिंदीत, हिंदीतून मराठीत आणि तेथून दक्षिणेकडे व उत्तरेकडे झालेला हा प्रवास पाहता भाड्याच्या घराची अडचण ही भारतीय शहरांची समान अडचण असल्याचे दिसते.

वारसा

चित्रपटातील अनेक कलाकार आज हयात नाहीत. सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचे २००४ मध्ये निधन झाले. सुधीर जोशी, नयनतारा, विजू खोटे आणि लेखक वसंत सबनीस हेही काळाच्या पडद्याआड गेले. त्यांच्या स्मृतिदिनी वा निधनवार्तेत या चित्रपटाचा उल्लेख जवळजवळ अनिवार्य असतो. अशोक सराफ यांना २०२३ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार आणि २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अभिनंदनाच्या असंख्य संदेशांत त्यांचा उल्लेख धनंजय माने या नावाने झाला.

मराठी विनोदी चित्रपटाच्या इतिहासात अशी ही बनवाबनवीचे स्थान आता निर्विवाद मानले जाते. हे स्थान त्याला प्रथम प्रेक्षकांनी दिले आणि समीक्षेने नंतर त्याची कारणे शोधली. कथा परकी असूनही भाषा पूर्णपणे आपली असणे, हास्याच्या तळाशी घर मिळण्या-न मिळण्याचा खरा प्रश्न असणे आणि नटसंचाचा अचूक मेळ, ही त्यांपैकी प्रमुख कारणे होत.